टाळेबंदीच्या आधी ताळेबंद: कठीण काळात युनियनचं सभासद होणाऱ्यांसाठी

ओव्हरटाइम बंद झाला की युनियनच्या ऑफिसात गर्दी वाढते, हा माझा कमिटीवरच्या वर्षांमधला अनुभव. एरवी वर्गणीचं नाव काढलं की 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणारे लोक स्वतःहून पावती पुस्तक कुठे आहे विचारायला लागतात. त्यांना कुणी परत पाठवत नाही, पण तोवर करता येण्यासारखं निम्मंच शिल्लक असतं. म्हणून हा लेख त्याआधी वाचावा. पहिलीच नोकरी आहे किंवा नव्या जागी नुकते लागला आहात, आजूबाजूला कपातीची कुजबुज आहे, आणि युनियनमध्ये जाऊन नेमकं काय होतं हे विचारायला अवघडल्यासारखं होतंय, अशांसाठी तो आहे.

कायदे प्रत्येक देशात वेगळे, त्यामुळे कलमांच्या जंजाळात शिरत नाही. एवढं मात्र ठाऊक असू द्या: संघटना करण्याचा हक्क ही मालकाची मेहेरबानी नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे १९४८ चा ८७ वा आणि १९४९ चा ९८ वा हे दोन करार (कन्व्हेन्शन) याच हक्काबद्दल आहेत, एक संघटना करण्याचा आणि दुसरा सामूहिक वाटाघाटीचा. सगळ्या देशांनी ते मान्य केलेले नाहीत. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो, हा युनियनच्या ऑफिसात विचारायचा पहिला प्रश्न समजा.

आधी अपेक्षा ठीक करून घ्या

युनियन बाजारात मागणी निर्माण करू शकत नाही. कंपनीच्या ऑर्डरी आटल्या तर त्या परत आणणं तिच्या हातात नसतं. 'युनियन आहे म्हणजे नोकरी पक्की' असं सांगून कुणी फॉर्म भरायला लावत असेल तर तो माणूस तुम्हाला फसवतोय किंवा स्वतः फसलाय.

मग ती करते काय? पगाराला एक तळ बांधते. करार दोन-तीन वर्षांचा असला तर मंदी आली म्हणून पुढच्या महिन्यापासून आकडा बदलता येत नाही. बदलायचा तर समोर बसून बोलावं लागतं. याचं महत्त्व कळायला टॉलपडलची गोष्ट बघा. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातलं हे गाव. १८३० च्या आसपास तिथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठवर आली, आठवरून सातवर, आणि पुढे सहा होणार असं कानावर आलं. मजूर एकेकटा मालकाकडे गेला असता तर काय उत्तर मिळालं असतं हे सांगायला नको. दारात दुसरा भुकेला उभाच होता. त्यांनी संघ बांधला, तर गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून १८३४ साली सहा जणांना सात वर्षांच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियाला धाडलं. लोक इतके खवळले की दोनच वर्षांत सरकारला माफी द्यावी लागली. नऊ, आठ, सात, सहा: तळ नसला की मजुरी अशी उतरते.

दुसरं काम माहितीचं. कंपनी खरंच तोट्यात आहे की मंदीच्या नावाखाली जुना हिशेब चुकता करतेय, हे एकट्या कामगाराला कळायला मार्ग नसतो. वाटाघाटीला बसलेली कमिटी आकडे मागू शकते. टाळेबंदीची नोटीस गेटवर लागण्याआधी ताळेबंद वाचता येणारं एक तरी माणूस आपल्या बाजूला हवं. आमच्या कमिटीत ते काम हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ करायचे, तेही फुकट, चहावर. एकदा त्यांनी आकड्यांखालच्या बारीक टिपा वाचून दाखवलं होतं की तोटा दिसतोय तो जुनी यंत्रं एकदम निर्लेखित केल्यामुळे, म्हणजे त्यांची किंमत हिशेबातून काढून टाकल्यामुळे. धंदा तसा चालू आहे. त्या दिवशी मॅनेजमेंटच्या बोलण्यातला 'अपरिहार्य' हा शब्द गेला.

आणि तिसरं, कपात झालीच तर ती कोणत्या क्रमाने, किती दिवसांच्या नोटिशीने आणि किती भरपाई देऊन व्हायची, हे ठरताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आपलं कुणीतरी बसलेलं असतं. माझ्या मते कठीण काळात वर्गणीचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः इथे.

नवख्याला टोचणारी गोष्ट

बहुतेक मार्गदर्शक हा भाग गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बऱ्याच करारांमध्ये कपातीचा क्रम ज्येष्ठतेने लागतो. शेवटी आला तो आधी बाहेर. हा नियम वाईट नाही. तो नसता तर साहेबांच्या मर्जीतला राहिला असता आणि तोंड उघडणारा गेला असता. पण तुम्ही काल लागला असाल तर यादीच्या तळाशी तुमचंच नाव असणार. मग नव्या माणसाने वर्गणी भरून जुन्यांच्या नोकऱ्या का राखायच्या? हा प्रश्न मला एका विशीतल्या मुलाने गेट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारला होता, आणि आमच्यातले दोघे-तिघे त्याच्यावर खेकसले. खेकसायला नको होतं. प्रश्न बरोबर होता.

उत्तर असं आहे की कपातीला पर्याय असतो, आणि तो पर्याय युनियनशिवाय सहसा टेबलावर येत नाही. काम कमी झालं तर माणसं कमी करायच्या ऐवजी प्रत्येकाचे तास कमी करता येतात. १९९३ साली जर्मनीत फोक्सवॅगनकडे सुमारे ३० हजार माणसं जास्त ठरत होती. आय. जी. मेटाल या युनियनने कंपनीशी करार केला: आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर, म्हणजे चार दिवसांचा, आणि बदल्यात करार चालू असेतो कपात नाही. वर्षाचा पगार कमी झाला, पण बोनस आणि सुट्टीचे पैसे बारा महिन्यांत वाटून महिन्याच्या महिन्याला हातात येणारा आकडा जवळपास तसाच ठेवला. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता महिन्याला असतो, बोनस वर्षाला. हे भान घरखर्च चालवणाऱ्या माणसांना असतं आणि अशी माणसं वाटाघाटीत असली की करारात उतरतं.

जर्मनीतच २००९ च्या मंदीत उत्पादन पाच टक्क्यांच्या आसपास घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्यामागे कमी तासांच्या कामाची सरकारी योजना होती. गेलेल्या तासांच्या निव्वळ पगारातला ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के भाग सरकारी निधीतून भरून मिळायचा. ऐन भरात १४-१५ लाख कामगार त्या योजनेत होते. अशा वेळी वाचतात ते मुख्यतः यादीच्या तळातले, म्हणजे नवखे.

तेव्हा नव्या माणसाने बाहेर राहून कुरकुरण्यापेक्षा आत येऊन सभेत उभं राहावं आणि मागणीपत्रात 'आधी तास कमी, मग माणसं' हे कलम घालायला लावावं. मतं मोजली जातात सभासदांची. बाहेरच्याचं मत गेटवरच्या गप्पांपुरतं.

पायरी पहिली: युनियन पारखा

तुमच्या जागी एकच युनियन असेल तर निवड सोपी. दोन-तीन असतील तर कुठल्या नेत्याचा आवाज मोठा यावर जाऊ नका. मान्यता कुणाला आहे, म्हणजे करारावर सही कुणाची चालते, ते आधी बघा. मग हे विचारा: शेवटचा करार कधी झाला आणि त्याची प्रत मिळेल का? कमिटीची निवडणूक शेवटची कधी झाली? हिशेब तपासून सभेत मांडतात का? संकटात सभासदांना मदत करायला निधी आहे का, आणि तो कुणाच्या सहीने निघतो? कंत्राटी आणि तात्पुरत्या लोकांना सभासद करून घेतात का?

शेवटचा प्रश्न नव्यांनी जरूर विचारावा. मंदीचा पहिला तडाखा कंत्राटी माणसाला बसतो, आणि त्याच्या कपातीला कुणी कपात म्हणतसुद्धा नाही. कंत्राट संपलं, इतकंच म्हणतात. जी युनियन त्याच्याकडे ढुंकून बघत नाही तिच्या कायम सभासदांची पाळी त्यानंतर येते आणि तेव्हा गेटबाहेर त्यांच्यासाठी उभं राहायला माणसं कमी असतात.

करार मागितल्यावर 'तुला काय करायचाय तो' असं उत्तर आलं तर समजून जा. चांगल्या युनियनचा पदाधिकारी उलट खूश होतो, प्रत काढून देतो आणि वर दहा मिनिटं भाषण ऐकवतो. भाषण ऐकून घ्या.

तुमच्या जागी युनियनच नसेल तर त्या उद्योगातल्या मोठ्या संघटनेकडे किंवा कामगार महासंघाकडे जा. कामाच्या जागी, कामाच्या वेळात, कंपनीच्या ई-मेलवरून किंवा कंपनीने दिलेल्या फोनवरून याबद्दल काही लिहू नका. पहिले पाच-सात जण पक्के होईपर्यंत बोलणं समोरासमोर बरं.

पायरी दुसरी: फॉर्म, वर्गणी, पावती

फॉर्म भरा, वर्गणी द्या, पावती घ्या. पावतीशिवाय दिलेली वर्गणी ही देणगी झाली. काही ठिकाणी वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. तिथे पगारपत्रकावर तो आकडा दिसतो का बघा. रोख देत असाल तर तारीख नीट घातलेली आहे ना, ते तिथल्या तिथे तपासा.

तारखेला एवढं महत्त्व का, तर पुष्कळ युनियन अमुक महिने सभासद असल्याशिवाय वकिलाची मदत किंवा निधीतून भत्ता देत नाहीत. नियम कडक वाटतो, पण घराला आग लागल्यावर विमा काढायला येणाऱ्यांना दारात थांबवलं नाही तर आधीपासून भरणाऱ्यांच्या पैशाला अर्थ उरत नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराने १९०१ साली युनियनच्या बेकारी निधीत नगरपालिकेची भर घालायची पद्धत सुरू केली. तिच्यावरून पडलेली पद्धत स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड इथे रुजली, आणि या देशांत युनियनचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या रांगेत राहिलं यात नवल नाही: तिथे कामगाराला बेकारी भत्ता आणि युनियन या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकाच खिडकीवर दिसल्या.

हात तंग असताना वर्गणी जड जाते हे खरं. बऱ्याच युनियन शिकाऊ, अर्धवेळ किंवा ले-ऑफवर, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलेल्यांना सवलत देतात, पण मागितल्याशिवाय नाही. लेखी अर्ज करा. गुपचूप भरणं थांबवलंत तर सभासदत्व खंडित होतं आणि मागचे महिने मोजले जात नाहीत.

पायरी तिसरी: कागद घरी ठेवा

नेमणूकपत्र, प्रत्येक महिन्याचं पगारपत्रक, हजेरी, शिल्लक रजा, बढतीचं किंवा कौतुकाचं पत्र, मेमो मिळाला असेल तर तो आणि त्याला दिलेलं उत्तर. सगळ्याच्या प्रती घरी. कंपनीच्या कॉम्प्युटरमधलं लॉगिन ज्या सकाळी बंद होतं त्या सकाळी पगारपत्रकंही गेली. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी आणू नका. काढून टाकायला तेवढंच कारण पुरतं.

ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डवर लागली की आपल्या नावापुढची रुजू झाल्याची तारीख वाचा. एक दिवसाची चूकसुद्धा तिथल्या तिथे लेखी कळवा. यादी लागल्यावर हरकतीला काही दिवसांचीच मुदत असते. कपातीच्या दिवशी त्या एका दिवसाने तुम्ही दहा नावं खाली जाऊ शकता.

पायरी चौथी: वारा ओळखा

नोटीस येण्याआधी कंपनी बोलते, फक्त वेगळ्या भाषेत. आधी ओव्हरटाइम थांबतो. मग भरती थांबते, राजीनामा दिलेल्यांच्या जागा रिकाम्या राहतात. कंत्राटी लोक कमी होतात. गोदामात तयार माल साठतो. पुरवठादाराचा माणूस पैशासाठी रिसेप्शनवर दोन-दोन तास बसलेला दिसतो. पगार एकऐवजी सात तारखेला येतो. पगारातून कापलेले भविष्यनिर्वाह निधीचे (पीएफचे) हप्ते पुढे भरलेच गेलेले नसतात. बाहेरची माणसं वही घेऊन प्रत्येकाच्या कामाचे मिनिट मोजत फिरतात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, 'सहज अभ्यास चाललाय.'

यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून घाबरायचं नाही. तीन-चार एकत्र दिसल्या तर तारखेसकट वहीत लिहा आणि कमिटीला सांगा. गोदामवाल्याला माल दिसतो, हिशेब खात्यातल्याला थकबाकी दिसते, गेटवरच्याला गाड्यांची संख्या दिसते. या तिघांचं एकत्र बोलणं युनियनच्या खोलीतच होतं. आणि कापलेला हप्ता भरला गेला नसेल तर त्याची तक्रार ताबडतोब, कंपनी बुडायच्या आधी. नंतर वसुलीच्या रांगेत बँकांसकट पुष्कळ जण उभे असतात.

पायरी पाचवी: केबिनमध्ये बोलावलं तर

सगळ्यात जास्त नुकसान या पंधरा मिनिटांत होतं. आमच्या विभागातल्या एकाला शुक्रवारी संध्याकाळी, शिफ्ट संपायला अर्धा तास असताना बोलावलं. टेबलावर पाण्याचा ग्लास, शेजारी पेन, आणि टाइप केलेला राजीनामा. नाव छापलेलं, कारण छापलेलं, 'वैयक्तिक अडचणींमुळे'. तारखेची जागा कोरी. एचआरच्या बाईंचं बोलणं अगदी मऊ होतं: 'आजच सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार जास्त देता येईल, सोमवारी मी काही सांगू शकत नाही.' त्याने एकच गोष्ट केली, जी आम्ही सभेत घोकून घेतली होती. म्हणाला, 'कागद घरी नेऊन वाचतो, आणि उत्तर द्यायला प्रतिनिधीला घेऊन येतो.' बाई म्हणाल्या, कागद बाहेर नेता येणार नाही. तो म्हणाला, मग सहीपण आज होणार नाही. आणि उठला.

सोमवारी आभाळ कोसळलं नाही. दोन महिन्यांचे पाच झाले, आणि कागदावरचा शब्द 'राजीनामा' जाऊन 'कपात' झाला. शब्दाला किंमत असते. स्वतःहून सोडणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी कपातीची भरपाई मिळत नाही, बेकारी भत्ता मिळत नाही, आणि पुन्हा भरती होईल तेव्हा आधी बोलावण्याचा हक्कही राहत नाही.

प्रतिनिधी सोबत असण्याचा हक्क काही देशांत कायद्याने आहे. अमेरिकेत तो १९७५ च्या वाइनगार्टन खटल्यातून पक्का झाला. दुकानातल्या एका कर्मचारी बाईंवर घेतलेल्या वस्तूचे पैसे कमी भरल्याचा आळ घेऊन चौकशी चालली होती. त्या पुनःपुन्हा युनियनचा प्रतिनिधी बोलवा म्हणत होत्या आणि तो दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकते असं कामगाराला सकारण वाटतं, तिथे मागितल्यास प्रतिनिधी द्यावाच लागतो. यातला 'मागितल्यास' महत्त्वाचा. तुम्ही तोंडाने मागायचं असतं. कुणी आपणहून विचारणार नाही.

पाच गोष्टी पाठ करा. आवाज चढवू नका. तिथे सही करू नका. कागद घेतल्याची पोच द्यायची असेल तर 'मिळाला, मान्य नाही' असं लिहून तारीख घाला. बाहेर येऊन कोण काय बोललं ते त्याच तासात लिहून काढा. आणि घरी जाण्याआधी कमिटीतल्या कुणाला तरी फोन करा.

पायरी सहावी: सोडायचं तर बदल्यात काय

कठीण काळात वाटाघाट उलटी चालते. एरवी मागणीपत्र आपलं असतं. आता कंपनी यादी घेऊन येते: महागाई भत्ता गोठवा, एक शिफ्ट बंद, कॅन्टीनचं अनुदान कमी. सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, एक पैसा सोडायचा नाही. दुसरा म्हणतो, देऊन टाका, नोकरी तर राहील. मी दोन्हीकडून बोललो आहे आणि दोन्ही वेळा थोडा चुकलो आहे.

सोडायला हरकत नाही, फुकट सोडायला आहे. आधी हिशेबाच्या वह्या उघडा म्हणावं. सवलत देऊ ती ठरावीक महिन्यांसाठी, शेवटची तारीख करारात लिहून. 'परिस्थिती सुधारेपर्यंत' ही तारीख नव्हे. नफा परत आला की गोठवलेलं आपोआप परत सुरू व्हावं. त्या मुदतीत कपात नाही. आणि वरच्या साहेबांच्या पगारातही कात्री लागलेली दिसली पाहिजे. ज्या वर्षी खालच्यांचा भत्ता गोठला त्या वर्षी वर नव्या गाड्या आल्या, तर पुढच्या वेळी कुणी ऐकून घेणार नाही.

१९७९ मध्ये अमेरिकेतली क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडायच्या बेतात होती. तिथल्या वाहन कामगारांच्या युनियनने पगार आणि सुट्ट्यांमध्ये मोठी सूट दिली, पण १९८० मध्ये युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. त्या देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीत असं आधी झालं नव्हतं. काही कामगारांना ते मालकाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं, काहींना दाराच्या आतली बातमी मिळाल्यासारखं. मला दुसरं पटतं, पण पहिल्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती.

नव्या सभासदाने यात करायचं ते एवढंच: कराराचा मसुदा मतदानाला येईल तेव्हा वाचून जा, आणि त्यात नव्यांसाठी वेगळी, कायमची कमी पगारश्रेणी घातलेली नाही ना ते बघा. तडजोडीत जुन्यांचा पगार राखून उद्या येणाऱ्याचा कापणं दोन्ही बाजूंना सोयीचं असतं, कारण उद्या येणारा त्या खोलीत नसतो.

संपाबद्दल

मंदीत संप हे दुधारी शस्त्र. गोदाम भरलेलं असताना काम बंद पाडलं तर मालकाचे पगारावर जाणारे पैसे वाचतात. ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चालला. सरकारने आधीच वीजकेंद्रांवर कोळशाचे ढीग लावून ठेवले होते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. धंद्याची घडी आधीच विस्कटलेली असली की थांबलेलं यंत्र मालकाला तितकंसं खुपत नाही, हे दोन्हीकडे दिसलं.

पण उलट उदाहरणही आहे. जागतिक महामंदी चालू असतानाच, ३० डिसेंबर १९३६ ला अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्याबाहेर न जाता आतच बसले, ४४ दिवस. गाड्यांच्या सांगाड्याचे साचे ज्या कारखान्यात होते तोच त्यांनी धरला होता, त्यामुळे दुसरीकडचं उत्पादनही अडलं. ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीने युनियनला मान्यता दिली. बेकारांची रांग दारात असूनही ते जमलं, कारण नेमकं कुठलं काम थांबलं की मालक थांबतो हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा संपाच्या मतदानात हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा: माल किती दिवसांचा साठलेला आहे, निधी किती दिवस पुरेल, आणि परत यायचं कसं ठरलं आहे. उत्तराऐवजी घोषणा मिळाली तर प्रश्न पुन्हा विचारा. काळ्या फिती, नियमावर बोट ठेवून काम, द्वारसभा, ओव्हरटाइमला नकार, कामगार खात्यात तक्रार या पायऱ्या आधी आहेत.

युनियनच आडवी आली तर

तेही होतं. वीस वर्षं तोच सरचिटणीस, हिशेब कधी मांडला नाही, कपातीच्या यादीत मात्र त्याच्या विरोधकांचीच नावं. घटना, म्हणजे युनियनचे नियम, मागून घ्या. किती सभासदांच्या सहीने विशेष सभा बोलावता येते ते त्यात असतं. सह्या गोळा करा. सगळे मिळून राजीनामे देऊन दुसरी युनियन काढण्याचा मोह होतो, आणि ऐन मंदीत मॅनेजमेंटला याहून आवडेल असं दुसरं काही नसतं. सभांना मात्र न चुकता जा. खजिनदाराला सगळ्यात जास्त धाक वाटतो तो मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या सभासदाचा.

नोकरी गेलीच तर

त्या दिवशी सभासदत्व सोडू नका. फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी संपतानाचा शेवटचा, हिशेब कमिटीतल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय 'सगळं मिळालं, काही मागणं नाही' या ओळीखाली सही नको. शिल्लक रजेचे पैसे, अर्धवट वर्षाचा बोनस, नोटिशीचा पगार, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम: प्रत्येकापुढे आकडा लिहून घ्या. अनुभवाचं पत्र त्याच वेळी मागा, नंतर फोन उचलले जात नाहीत. दाव्याची मुदत किती, ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

घरी सांगणं अवघड जातं. आमच्याकडे एक जण पंधरा दिवस डबा घेऊन घरातून निघायचा आणि युनियनच्या ऑफिसात येऊन बसायचा. आम्ही त्याला पावत्यांच्या नोंदी करायला दिल्या. सोळाव्या दिवशी त्याने बायकोला फोन तिथूनच लावला. आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो.

आणि कराराप्रमाणे पुन्हा बोलावण्याची यादी असेल तर त्यात आपलं नाव, क्रमांक आणि यादी किती महिने चालू राहणार हे लेखी घ्या. खोली बदलली, मोबाइल नंबर बदलला, तर कंपनीत आणि युनियनच्या ऑफिसात दोन्हीकडे लिहून कळवा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. बोलावण्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं आणि दिलेले दिवस उलटले, तर यादीतला पुढचा माणूस आत जातो.